वीज गेली की सोलरही बंद पडतं, तो बिघाड नाही

‘छतावर सोलर बसवा, मग वीज गेली तरी तुमच्या घरात उजेड!’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून लोक पैसे घालतात, म्हणून हा खुलासा.

बिल कमी करायला बसवतात ती यंत्रणा बहुतेक वेळा ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला (खांबावरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला) जोडलेली, बिनबॅटरीची असते. तिचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, ग्रिडच्या विजेला धरूनच चालतो. ग्रिड गेली की तो साधारण २ सेकंदांत स्वतःला बंद करतो. भर दुपारी, पॅनेलवर लख्ख ऊन असताना घरातला पंखा थांबतो तेव्हा माणूस चक्रावतो. पण खांबावर चढलेल्या वायरमनचा विचार करा. लाइन बंद आहे असं समजून तो तारेला हात घालतो. त्याच तारेत तुमच्या छतावरून वीज आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ही आपोआप बंद होण्याची सोय असते; ती काढून देतो असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

वीज गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसतानाही बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी लागते. खर्च वाढतो तो इथेच. पॅनेल २५ वर्षं टिकतात, बॅटरी मात्र त्या काळात बदलावी लागतेच. दिवे, पंखे, राउटर मिळून ३०० वॉट धरले तर ४ तासांना १.२ युनिट होतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून दीड युनिटची तरी घ्या. एसी धरलात तर आकडा कित्येक पटींनी फुगतो. कोटेशनमध्ये बॅकअप किती वॉटचा आणि किती तास, हे लिहूनच घ्या.