‘देशी मेंढीला जंत होत नाहीत’ : एका दाव्याचा प्रतिवाद

मेंढपाळांच्या आणि पशुपालनात रस असणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर बराच फिरतो. त्याचा आशय असा : देशी मेंढीच्या रक्तातच ताकद असल्यामुळे तिला जंत होत नाहीत, धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या औषधाविना कळप सांभाळले, हाच त्याचा पुरावा, संकराने ही ताकद घालवली, म्हणून जंतनाशके बंद करावीत आणि कोणताही गावरान मेंढा कळपात सोडावा. जंतांविरुद्धची आनुवंशिक प्रतिकारशक्ती खरी आहे, यात शंका नाही. मजकूर तिच्याविषयी जे सांगतो, ते मात्र जवळजवळ सगळे चुकीचे आहे.

‘जंत होत नाहीत’ हे विधानच आधी तपासू. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस हा गोल जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर. वीस-बावीस किलोंच्या मेंढीच्या अंगात सव्वा ते दीड लिटरच रक्त असते, हे लक्षात घेतले की डोळ्याची पापणी आतून पांढरी का पडते आणि जबड्याखाली पाणी का उतरते, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रतिकारक्षम मेंढीच्या पोटातही गवताबरोबर याच जंताच्या अळ्या जातात. फरक इतकाच की तिच्या पोटात त्यांतल्या कमी अळ्या टिकतात आणि टिकलेल्या माद्या कमी अंडी घालतात. शिवाय ही शक्ती कोकराला जन्मतः तयार मिळत नाही. ती चरता चरता काही महिन्यांत येते, आणि विण्याच्या सुमारास व दूध पाजताना आईचीही ढिली पडते. ‘कमी होतात’ आणि ‘होत नाहीत’ यांतले अंतर मेलेल्या कोकरांनी मोजावे लागते.

‘देशी म्हणजे प्रतिकारक्षम’ हे समीकरण तर महाराष्ट्रातच खोटे ठरले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढीचा दख्खनी आणि कर्नाटकातील बन्नूर मेंढ्यांशी संकर करून कोकरांच्या लेंड्यांतील जंतांची अंडी मोजण्यात आली. ज्या कोकरांत गारोळचा अंश होता, त्यांच्यात अंडी कमी आढळली. गारोळ देशी, दख्खनी देशी, बन्नूरही देशी. तरीही तिघींची शक्ती सारखी नाही. याचे संभाव्य कारणही कळण्यासारखे आहे : दलदलीच्या, दमट मुलखात हिमोंकसचा दाब वर्षभर असतो आणि तिथे दुबळी मेंढी वंश वाढवण्याआधीच जाते, तर दख्खनच्या कोरड्या पठारावर हा दाब मुख्यतः पावसाळ्यापुरता. केनियातील रेड मसाई मेंढीचे उदाहरणही हेच सांगते. दमट किनारपट्टीवर ती डॉर्पर जातीपेक्षा कितीतरी सरस ठरली; कोरड्या भागात मात्र तिची तेवढी आघाडी दिसली नाही.

धनगरांच्या अनुभवाचा दाखला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. माणदेश, फलटण या बाजूचे वाडे (कळपांसह फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचे गट) दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कोरड्या पठारावर परततात. म्हणजे अळ्यांना सर्वांत मानवणाऱ्या ओल्या महिन्यांत कळप अतिपावसाच्या मुलखापासून दूर असतो. खतासाठी मेंढ्या शेतात बसवतात त्याही एका जागी फार रात्री नसतात. लेंडीतील अंड्यातून संसर्गक्षम अळी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि तोवर वाडा पुढे गेलेला असतो. ही चराईची रीत जंतांचे चक्र तोडते, आणि तिचे श्रेय मजकूर मेंढीच्या रक्ताला देतो. तोच कळप पाणथळ बंदिस्त कुरणात वर्षभर ठेवला, तर हे ‘रक्त’ फार काळ साथ देणार नाही. त्यातच जुन्या काळी किती कोकरे दगावली, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. जगलेल्यांकडे पाहून आपण निष्कर्ष काढतो.

संकराने शक्ती जाते, या म्हणण्याला फलटणचेच उत्तर पुरेसे आहे : तिथे ती संकरातून आली.

आता औषधांविषयी. सरसकट सगळ्या कळपाला ठरावीक दिवशी औषध पाजण्याला माझाही विरोध आहे. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ साली बाजारात आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे हिमोंकस सापडले. अशी औषध-प्रतिकारकता भारतातही आढळली आहे. पण यावरचा उपाय औषध बंद करणे हा नव्हे. कळपातील बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फामाचा पद्धतीत पापणीच्या आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहतात आणि फिकट पडलेल्या मेंढीलाच औषध देतात.

मेंढ्यामेंढ्यांतला हा फरक पैदाशीसाठीच्या निवडीलाही उपयोगी पडतो, आणि मजकुरातील ‘कोणताही गावरान मेंढा’ या सल्ल्याचा खोटेपणा इथे उघडा पडतो. अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत ०.२ ते ०.४ च्या आसपास येते; याचा अर्थ एकाच जातीतल्या दोन मेंढ्यांत फरक असतो आणि त्याचा काही भाग पिल्लांकडे जातो. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मालपुरा मेंढ्यांमधून याच आधारावर कमी आणि जास्त अंड्यांचे वेगवेगळे वंश निवडण्यात आले. आपल्याकडे मेंढा निवडताना उंची, अंग आणि चेहरा पाहतात, आणि झपाट्याने वाढलेला नर सर्वांत आधी बाजारात जातो. त्यामुळे ही निवड नकळत उलटीही होऊ शकते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, औषध देण्यापूर्वी, चार-सहा महिन्यांच्या नर कोकरांच्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासून घ्याव्यात, आणि ज्यांची वाढ चांगली व अंडी कमी, त्यांतूनच पुढचा मेंढा ठेवावा.