नैरोबीचा इंग्रजी विभाग आणि आमचं वऱ्हाड

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय 2025च्या जूनअखेर मागे घेतला गेला, पण आमच्या यवतमाळकडच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर भाषेचं भांडण अजून चालू आहे. आता ते इंग्रजीवर आलंय. एक म्हणतो, तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. ठेवून कोणाचं भलं झालं? बंद करा. दुसरा म्हणतो, मग पोरांनी काय करायचं?

मी राहतो त्या नैरोबीत हा वाद 1968 सालीच पेटला होता. त्या वर्षी ऑक्टोबरात न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्यूम्बा आणि टाबान लो लियोंग या तिघा लेखक-अभ्यासकांनी विद्यापीठाचा इंग्रजी विभागच रद्द करा, असं टिपण दिलं. इंग्रजी भाषेशी त्यांचं वैर नव्हतं. इंग्लंडचं साहित्य मधोमध आणि आपलं त्याच्या शेपटाला, ही मांडणी त्यांना खटकत होती. मध्ये केनिया, पूर्व आफ्रिका आणि आफ्रिका ठेवा, आज्यांच्या तोंडच्या गोष्टी-गाणी अभ्यासाला लावा, असं त्यांनी मागितलं. बरीच खडाजंगी झाली. अखेर इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला. शिकवणं मात्र इंग्रजीतच राहिलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा शेक्सपिअरच्या ऑथेल्लो नाटकाचा तास आठवला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, एका रुमालापायी बायको मारली काय त्यानं?" सरांनी पुस्तक मिटलं आणि संशयापायी उजाड झालेल्या एका घराची गोष्ट वऱ्हाडीत सांगितली. वर्ग चिडीचूप. दोन वर्षांत नाटक समजलं ते त्या दिवशी. परीक्षेत मात्र गाइडमधली कारणं पाठ करून लिहिली. सरांची गोष्ट लिहायला पेपरात जागाच नव्हती.

म्हणून मला दोन्ही मित्रांचं पटत नाही. इंग्रजीनंच मला इथवर आणलं, ती दारं पुढच्या पोरांना बंद करायची नाहीत. पण सरांच्या त्या गोष्टीला पेपरात जागा झालीच पाहिजे. आमच्याकडची भुलाबाईची लोकगीतं, दंडारीचं लोकनाट्य गोळा करून इंग्रजीत आणणं हे खेड्यातल्या इंग्रजी विभागाइतकं कोणाला जमेल? तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांवर हे फुकटात लादू नये, आधी त्यांना कायम करा.

माझ्या आईला भुलाबाईची कितीतरी गाणी पाठ आहेत, लिहिलेलं एकही नाही. मागच्या खेपेला मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली. अडलेले शब्द तिला फोनवर विचारून उतरवतोय. एम.ए.च्या कोणा मुलामुलीला अनुवादाला हवी असतील, तर पाठवतो.