माइकसमोर घोटाळा, न्यायाधीशासमोर वेगळंच

अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीबद्दलचा एक लांबलचक मेसेज दर काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. न्यू जर्सीतला कुणाचा तरी भाचा टाकतो आणि संध्याकाळपर्यंत डोंबिवलीच्या काकांनी तो चार ग्रुपवर पोचवलेला असतो. मजकूर थोडक्यात असा: ‘ट्रम्प रात्री पुढे होते, सकाळपर्यंत मतं उलटली. मशिननी मतं फिरवली. साठ दावे दाखल झाले, पण न्यायालयांनी पुरावे न बघताच ते तांत्रिक कारणांवरून फेटाळले. पर्यायी इलेक्टर (अध्यक्षासाठी राज्याच्या वतीने अंतिम मत देणारे प्रतिनिधी) उभे करणं कायदेशीरच होतं, १९६० साली हवाईत केनेडींच्या लोकांनी तेच केलं. उपाध्यक्ष पेन्स यांना निकाल अडवता येत होता, त्यांनी कच खाल्ली. आणि डेमोक्रॅटिक पक्ष हरला की दर वेळी हेच करतो.’

यातलं सगळंच खोटं नाही. म्हणून तर तो इतका फिरतो.

‘रात्रीत उलटली’ हे लवकर आटपतं. पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडायचीच नाहीत असा नियम होता. टपाली मतांवर विश्वास ठेवू नका असं ट्रम्प उन्हाळाभर आपल्या मतदारांना सांगत होते. मग केंद्रावरची मतं आधी मोजली गेली तेव्हा ते पुढे दिसले, आणि टपाली गठ्ठे सुटले तसे मागे पडले. नेमकं असं होईल हे निवडणुकीच्या आधीच छापून आलं होतं.

मेसेजमध्ये डेट्रॉइटचं नाव हमखास असतं. त्या शहरात ट्रम्प यांना २०१६ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास मतं होती, २०२० मध्ये ती बारा हजारांच्या वर गेली. ज्याची मतं चोरायची त्याचीच वाढवणारा चोर विरळाच. (याच डेट्रॉइटमधून, याच मतदानात, मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार मिशिगनच्या विधानसभेवर निवडून गेले. ते निवडून आल्याचा आनंद याच ग्रुपवर साजरा होतो, तेव्हा डेट्रॉइटची मोजणी कुणाला खटकत नाही.)

मशिनचं प्रकरण मिशिगनच्या अँट्रिम काउंटीतून निघालं. हा ट्रम्प यांचा बालेकिल्ला, आणि पहिल्या आकड्यांत तिथे बायडन पुढे दिसले. झालं होतं असं: काही गावांच्या मतपत्रिकेत ऐन वेळी बदल झाला आणि स्थानिक कार्यालयाने सगळ्या मशिनमध्ये नवी मांडणी भरली नाही. त्यामुळे एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यात जाऊन बसला. चूक दुसऱ्याच दिवशी सापडली. पुढे डिसेंबरमध्ये सगळ्या कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या, तर दुरुस्त केलेल्या निकालात आणि हातमोजणीत फरक पडला १२ मतांचा. मिशिगनच्या सिनेटमध्ये तेव्हा रिपब्लिकन बहुमत होतं. त्यांच्याच समितीने जून २०२१ मध्ये अहवाल दिला की व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नाही. जॉर्जियातही जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. मशिनने मतं फिरवली असती तर कागद आणि मशिन यांचा हिशेब तिथेच फाटला असता. बायडन तिथे अखेर ११,७७९ मतांनी पुढे राहिले. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ‘मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत’ असं म्हटलं, ते या आकड्यावरून. त्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, कुणीही ऐकावं.

आता न्यायालयं. इथे थोडं रेंगाळू, कारण ‘पुरावे बघितलेच नाहीत’ हे वाक्य शिकलेली माणसंही खात्रीने म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाचा मुद्दा खरा आहे. टेक्सासने पेनसिल्वेनिया, जॉर्जिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांच्याविरुद्ध आणलेला दावा ११ डिसेंबर २०२० ला पुराव्यात न शिरता परत गेला. शेजारच्या सोसायटीची निवडणूक रद्द करा म्हणून आपण कोर्टात गेलो तर पहिला प्रश्न ‘तुमचा काय संबंध?’ हाच येणार. विस्कॉन्सिनच्या राज्य न्यायालयातही ट्रम्प ४ विरुद्ध ३ मतांनी हरले ते मुख्यतः उशिरा आल्यामुळे. हे दोन्ही आपण मान्य करू.

पण मेसेज इथेच थांबतो आणि बाकीचं गिळतो. नेवाडात न्यायाधीश जेम्स रसेल यांनी १५ जणांच्या साक्षी नोंदवू दिल्या, त्या वाचल्या आणि ३५ पानी निकालात आरोप सिद्ध झाले नाहीत असं लिहिलं. अ‍ॅरिझोनात न्यायाधीशाने, मशिनला वाचता न आल्याने नकलून काढलेल्या मतपत्रिका वादी पक्षाला तपासू दिल्या. १,६२६ मतपत्रिकांत ९ चुका निघाल्या. विस्कॉन्सिनच्या संघीय न्यायालयात ब्रेट लुडविग, म्हणजे ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीश, यांनी स्पष्ट लिहिलं की वादीला बाजू मांडायची संधी दिली आणि तो गुणवत्तेवर, म्हणजे तांत्रिक कारणाने नव्हे तर मूळ मुद्द्यावर, हरला. पुढे काही जुन्याजाणत्या रिपब्लिकन नेत्यांनी आणि निवृत्त न्यायाधीशांनी बसून ६४ दावे तपासले. त्यांतल्या ३० मध्ये गुणवत्तेवर सुनावणी झाली होती, १४ वादींनीच मागे घेतले होते आणि २० सुनावणीआधी फेटाळले गेले होते. ट्रम्प यांच्या बाजूने लागलेला निकाल एकच, पेनसिल्वेनियातला, आणि तोही इतका किरकोळ की त्याने निकालावर परिणाम होणार नव्हता.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती वकिलांची जीभ. ५ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात ट्रम्प यांच्या वकिलांची तक्रार अशी होती की मोजणीच्या जागी आमच्या निरीक्षकांना उभंच राहू देत नाहीत. न्यायाधीश पॉल डायमंड यांनी सरळ विचारलं, तुमची माणसं आत आहेत का? वकील म्हणाले, आत असलेल्यांची संख्या ‘शून्य नाही’. यावर न्यायाधीश: मग तुमची अडचण काय आहे?

ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांचं तर विचारूच नका. १७ नोव्हेंबरला विल्यम्सपोर्टच्या न्यायालयात ते स्वतः उभे राहिले. न्यायाधीश मॅथ्यू ब्रॅन यांनी खोदून विचारल्यावर कबूल केलं की हा घोटाळ्याचा दावा नाही. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, वॉशिंग्टनला पत्रकारांपुढे देशव्यापी घोटाळ्याची तीच कथा पुन्हा सुरू झाली. घामाने केसांचा रंग गालावरून ओघळत होता ती हीच पत्रकार परिषद. कोर्टात खोटं बोललं तर सनद जाते, माइकसमोर जात नाही, असा हिशेब असावा. (तो हिशेबही पुढे चुकला. न्यूयॉर्कमधली त्यांची सनद २०२४ मध्ये गेली. जॉर्जियातल्या मोजणीवर काम करणाऱ्या मायलेकींची बदनामी केल्याबद्दल ज्यूरीने त्याआधीच १४.८ कोटी डॉलर ठोठावले होते.) ब्रॅन यांनी तो दावा फेटाळला. त्याविरुद्धचं अपील ट्रम्प यांनीच नेमलेल्या स्टेफॅनोस बिबास यांनी फेटाळलं. त्यांनी लिहिलं की निवडणूक अन्यायकारक आहे असं म्हटल्याने ती तशी होत नाही. आधी नेमका आरोप लागतो, मग पुरावा, आणि इथे दोन्ही नाहीत.

हवाईचा दाखला मात्र अभ्यास करून काढलेला आहे. १९६० मध्ये तिथे आधी निक्सन १४१ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं होतं. न्यायालयाच्या आदेशाने फेरमोजणी चालू असतानाच इलेक्टरनी मत द्यायचा दिवस, १९ डिसेंबर, उजाडला. केनेडींच्या तीन इलेक्टरनीही आपली मतं नोंदवून ठेवली, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण पुढे फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी जिंकले, न्यायाधीशाने तसा निकाल दिला आणि रिपब्लिकन गव्हर्नरने नव्या निकालावर सही केली. मग ६ जानेवारी १९६१ ला काँग्रेसमध्ये इलेक्टरची मतं मोजताना, उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी असलेल्या निक्सन यांनी स्वतःविरुद्धची ती तीन मतं मोजून घेतली. वर हेही नोंदवलं की याला पायंडा समजू नये.

१४ डिसेंबर २०२० ला सात राज्यांत ८४ जणांनी ट्रम्प यांचे इलेक्टर म्हणून कागदांवर सह्या केल्या, तेव्हा कुठेच फेरमोजणी बाकी नव्हती. काही दावे पडून होते, तेवढेच. त्यातही पेनसिल्वेनिया आणि न्यू मेक्सिकोच्या लोकांनी ‘न्यायालयाने आम्हाला मान्यता दिली तर’ अशी अट घालून सही केली. बाकी पाच राज्यांच्या कागदांवर आम्हीच रीतसर निवडलेले असं बिनधास्त लिहिलं होतं. नंतरही एकाही गव्हर्नरने त्यावर सही केली नाही, एकाही न्यायालयाने निकाल फिरवला नाही. हवाईत घडलेलं पुढचं काहीच इथे घडलं नाही.

पेन्स यांच्या अधिकाराबद्दल फार लिहायला नको. उपाध्यक्षाला एकट्याने मतं बाद करता आली असती, तर जानेवारी २००१ मध्ये अल गोर यांनी ती केली असती. फ्लोरिडात ५३७ मतांनी अध्यक्षपद हुकलेला हा माणूस त्या दिवशी त्याच खुर्चीत बसला होता, आणि आपल्याच पक्षाच्या खासदारांच्या हरकती, सिनेटरची सही नाही म्हणून, एकामागून एक नाकारत होता. २०२२ मध्ये काँग्रेसने कायदाच दुरुस्त करून उपाध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक असल्याचं लिहून टाकलं.

राहिलं ‘डेमोक्रॅटही हेच करतात’. हरकती त्यांनी घेतल्या आहेत, २००१, २००५ आणि २०१७ मध्ये, आणि त्यांतल्या काही निव्वळ नाटक होत्या. २००५ मध्ये ओहायोच्या मतांवर सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी सही दिली म्हणून मतदान घ्यावं लागलं. सिनेटमध्ये हरकत ७४ विरुद्ध १ ने पडली, तो १ म्हणजे बॉक्सरबाई. उमेदवार जॉन केरी यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी हार मान्य केली होती. २०२१ मध्ये मात्र उमेदवारच मोहिमेचा म्होरक्या होता आणि प्रतिनिधीगृहातल्या १३९ रिपब्लिकन सदस्यांनी किमान एका राज्याविरुद्ध मत दिलं, तेही संसदेच्या इमारतीत जमाव घुसून गेल्यानंतर. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या विजयावर डेमोक्रॅटिक सदस्य एकेक करून हरकत घ्यायला उठत होते, पण एकाही सिनेटरची सही मिळेना. अध्यक्षस्थानी होते उपाध्यक्ष जो बायडन. हातोडा आपटून त्यांनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगितलं, ‘इट इज ओव्हर’. समोरच्या रिपब्लिकन बाकांवरून टाळ्या पडल्या.