होतकरू पालकांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी गांधी मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल सामना पाहण्याचा योग आला. मुलांपेक्षा रेघेबाहेरचे बापच अधिक घाम गाळत होते. त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान होतकरू पालकांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे देत आहे.

पाल्याला मैदानात उतरवण्यापूर्वी त्याचे ध्येय आपणच ठरवून टाकावे. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण आणि जमल्यास मधल्या काळात एखादे ऑलिंपिक, हा क्रम सोयीचा पडतो. खेळ आवडतो का, असे मुलाला चुकूनही विचारू नये.

संघ कसा निवडावा, हे प्रशिक्षकांना दर आठवड्याला समजावून सांगावे.

पंचांच्या बाबतीत नियम ठाऊक नसतील, तर आवाज चढा ठेवावा. परवा एका सद्गृहस्थांनी थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड का दिला नाही, म्हणून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नसतो, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते! मग त्यांनी मोर्चा स्वतःच्या मुलाकडे वळवला. पास चुकला की ‘दगडा’, बरोबर गेला की ‘आधीच द्यायचा होतास’, आणि मध्यंतरात पाण्याऐवजी त्याने खाल्लेल्या बदामांचा हिशेब. पोरगे चेंडू सोडून बापाचाच चेहरा पाहू लागले, चेंडू पायाखालून निसटला, तसे हे महाशय मैदानात शिरले आणि त्यांनी सर्वांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. शेजारचे पालक हसले. हसले!

खाशाबा जाधवांचे नाव तोंडी असावेच. 1952 साली त्यांना हेलसिंकीला जाता यावे, म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. तुम्ही बुटांची एक जोडी घेऊन दिलीत आणि पोराच्या सगळ्या रविवारांवर बोजा चढवलात.

सामन्याच्या सकाळी तुमच्या मुलाचे पोट दुखते ना? ते तुमच्या धाकाने दुखते. पदकाची एवढी हौस असेल, तर उद्या पहाटे स्वतः मैदानाला फेऱ्या मारा. फी भरलीत, म्हणून पोरावर, प्रशिक्षकावर आणि पंचावर गुरकावण्याचा परवाना मिळालेला नाही. आणि परवा हसलेल्यांनो, तुम्हालाही लाज वाटू द्या. पुढच्या वेळी कोणी पोरावर हात उगारला, तर दात काढत उभे राहू नका, पुढे होऊन त्याचा हात धरा.