‘सलग’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही : सांगोल्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सांगोलेकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघावरच्या माझ्या लेखात मी शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) तिथले आमदार गणपतराव देशमुख यांची आरती ओवाळली, असं तुमचं म्हणणं. ‘सलग अकरा वेळा निवडून आले’ हे चूक. पन्नास वर्षं एकाच माणसाला धरून बसल्यामुळे तालुका कोरडा राहिला. ते जिंकायचे ते जातीच्या गणितावर. आणि इतरत्र घराणेशाहीवर तोंडसुख घेणारा मी इथे त्यांच्या नातवाच्या विजयावर विरघळलो. शेवटी एक टोला: “पुण्यात बसून दुष्काळाचं कौतुक सोपं असतं.”

आधी चूक कबूल करतो. ‘सलग’ हा शब्द साफ चुकला. गणपतराव १९६२ आणि १९६७ ला निवडून आले आणि १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं, तेही १९२ मतांनी. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४. बेरीज अकराच होते, पण मधे दोन खड्डे आहेत. तुमच्या नजरेतून निसटलेली आणखी एक चूकही सांगून टाकतो. मी ‘देशातला विक्रम’ असंही लिहिलं होतं. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आहे.

पण हे दोन खड्डे तुमच्या मुद्द्याला मदत करत नाहीत, उलट त्याच्या विरोधात जातात. ‘एकाच माणसाला धरून बसलेला तालुका’ हे चित्र त्यांनीच मोडतं. जो तालुका आपल्या लाडक्या माणसाला १९२ मतांनी घरी बसवतो, तो डोळे झाकून मत देणारा नसतो.

मूळ लेखात जे नीट मांडता आलं नाही, ते आता मांडतो. सांगोला सहसा राज्यातल्या वाऱ्याबरोबर जात नाही. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला आलेल्या पंधरांत सांगोला होतं. १९८० ला इंदिरा काँग्रेस परत आली तेव्हाही इथे शेकापचा लाल बावटाच राहिला. १९७२ ला मात्र इंदिराबाईंच्या लाटेत सांगोलाही वाहून गेलं. आणि १९९५? राज्यात काँग्रेसची सत्ता गेली आणि युती आली, त्याच वर्षी सांगोल्याने शेकापला पाडून काँग्रेसचा माणूस निवडला! तुम्ही लिहिता की, “लोकांना सत्तेतला आमदार हवा होता म्हणून बापू आले.” १९९५ च्या बापूंना सत्ता कुठे होती? ते मुंबईला गेले ते विरोधी बाकांवर बसायला. एका विरोधकाच्या जागी दुसरा विरोधक, एवढाच बदल त्या साली झाला.

२०१९ ला तुमचा मुद्दा थोडाफार लागू पडतो. बापू शिवसेनेच्या तिकिटावर होते, युतीचं पारडं जड होतं, आणि वयामुळे गणपतराव स्वतः उभे नव्हते. तरी फरक किती? ७६८ मतं. पुढे जून २०२२ मध्ये शिंदेंच्या बंडाच्या वेळी गुवाहाटीतून बापूंचा “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील” हा फोन गाजला आणि ज्यांना सांगोला नकाशावर दाखवता येत नव्हतं त्यांनाही आमदाराचं नाव पाठ झालं. आणि २०२४ ला महायुतीने राज्यात सव्वादोनशेच्या वर जागा जिंकल्या, तेव्हा सांगोल्याने बापूंना घरी पाठवून शेकापचे बाबासाहेब देशमुख, म्हणजे गणपतरावांचे नातू, निवडले. राज्यात त्या पक्षाची ती एकमेव जागा. १९६२ ला पंधरा, २०२४ ला एक. पक्ष विरघळत गेला आणि हा एक खडा राहिला.

मतदारसंघाचा इतिहास म्हणजे आमदारांची यादी, असं आपण धरून चालतो. मीही तसंच लिहिलं, म्हणून तुम्हाला आरती वाटली असेल. सांगोल्याची यादी वरवर पाहिली तर एकच नाव दिसतं. मतांचे फरक पाहिले तर तिथे १९९० पासून दोन जवळपास तुल्यबळ गट एकमेकांना रेटताना दिसतात. त्यात एकाने पक्ष बदलले, दुसऱ्याने एकच पक्ष धरून ठेवला, पण गट तेच राहिले.

आता पाणी. हा तुमचा खरा घाव आहे आणि त्यात तथ्य आहे. माण नदी बहुतेक वर्ष कोरडी. माझं आजोळ याच तालुक्यातलं. लहानपणी आम्ही नदीत क्रिकेट खेळायचो, म्हणजे पात्रातच. पण ‘आमदाराने पाणी आणलं नाही’ म्हणण्याआधी नकाशा बघू या. नीरा उजवा कालवा वीर धरणावरून निघतो तो फलटण, माळशिरस, पंढरपूर करत शेवटी सांगोल्याकडे येतो. टेंभू योजना कराड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी ओलांडून सांगोल्याला पोचते. म्हैसाळ योजनेचं पाणी मिरजेकडून निघतं, त्याचंही सांगोला शेवटच्या तालुक्यांत. तिन्ही योजनांच्या शेपटाला आपण. वरचा प्रत्येक जण आधी आपलं रान भिजवतो, आणि ‘टेल टू हेड’, म्हणजे शेपटापासून सुरुवात करून, पाणी द्या ही मागणी अर्ज-निवेदनांत राहते. शेपटाच्या गावाचा आमदार कितीही मोठा असला, तरी वाटेतल्या सगळ्या आमदारांनी कालव्याची दारं उघडण्यावर त्याचं पाणी अवलंबून.

आणि हे पाणी आलं कुणामुळे? टेंभूला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, त्याच वर्षी कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. कारण कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने दिलेल्या वाट्याचं पाणी २००० सालापर्यंत वापरात आणायची घाई होती, आणि युतीचं सरकार ज्या अपक्षांवर टिकून होतं त्यातले बरेच पश्चिम महाराष्ट्रातले होते. त्या वेळी सांगोल्याचे आमदार बापू, म्हणजे विरोधी पक्षातले. तेव्हा एकट्या बापूंना श्रेय देणं अवघड आहे, गणपतरावांना दोष देणंही. मागणी मात्र कुणी लावून धरली होती हे विसरू नका. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदेतून तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न उभा केला. तिथली बरीच माणसं आपल्या भागातली होती, माझे मामाही. मामांना पंप, टप्पे, टीएमसी (पाणी मोजायचं माप, अब्ज घनफूट) ही भाषा तिथेच शिकायला मिळाली. (पुढे त्यांनी डाळिंब लावलं, तेल्या रोगाने ते गेलं, पुन्हा लावलं. तो वेगळा लेख.)

गणपतराव मंत्री होते तेव्हा त्यांनी काय केलं, असंही तुम्ही विचारलं आहे. योग्य प्रश्न. १९७८ चं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार दीड-पावणेदोन वर्षांत बरखास्त झालं. १९९९ च्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले, आणि २००२ मध्ये शेकाप त्या सरकारमधून बाहेर पडला. म्हणजे आमदारकीच्या पन्नासेक वर्षांतली सत्ता जेमतेम चार-साडेचार वर्षांची. हे त्यांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. छोट्या पक्षात राहायचं ठरवलं की ही किंमत मोजावी लागते, आणि ती सांगोल्यानेही मोजली. इथे तुमच्याशी सहमत आहे. ते एसटीने फिरायचे, याचे किस्से मी जरा जास्तच सांगितले. एसटीने फिरणं हा गुण आहे, पण तेवढ्याने कालव्याला पाणी येत नाही.

जातीच्या गणिताबद्दल. धनगर मतदार इथे मोठ्या संख्येने आहेत, ते नाकारणारा मी कोण? पण १९९० ते १९९९ या नऊ वर्षांत ते गणित फार बदललं असेल असं नाही, आणि निकाल मात्र जिंकले-हरले-जिंकले असा. जातीचा ढीग तोच राहतो, वरचे शेदोनशे दाणे इकडचे तिकडे होतात. सांगोल्यात निकाल त्या दाण्यांवर ठरले आहेत. त्यांत सगळ्याच जातींची माणसं असतात.

राहिली घराणेशाही. तुमचा बाण लागला. २०१९ ला पक्षाने आधी घराबाहेरचं नाव जाहीर केलं होतं, कार्यकर्त्यांनी ओढून घरातच आणलं आणि अनिकेत देशमुख उभे राहिले. २०२४ ला दुसरा नातू. मी हेच इतर तालुक्यांत झालेलं पाहून नाक मुरडतो, मग इथे का नाही? प्रामाणिक उत्तर: आजोळ. आणि विजयाचा अर्थही मी फुगवला होता. २०२४ ला बापू शिंदेंच्या शिवसेनेचे, दीपकआबा साळुंखे ठाकरेंच्या. २०१९ ला हेच दीपकआबा बापूंच्या बाजूने होते. दोघांची मतं एकत्र केली तर बाबासाहेबांच्या पुढे जातात. ‘आबासाहेबांची (म्हणजे गणपतरावांची) पुण्याई’ हे माझं वाक्य गोड होतं, पण आकड्यांत बसत नाही. तेही खोडलं आहे.

एका गोष्टीकडे मात्र तुमचंही दुर्लक्ष झालं आहे. २००९ च्या निवडणुकीपासून सांगोल्याच्या हद्दी बदलल्या. पंढरपूर तालुक्यातली भाळवणीकडची काही गावं आली आणि लोकसभेला आपण राखीव पंढरपूरमधून माढ्यात गेलो. या गावांना १९७२ चे काकासाहेब आणि १९९५ चे १९२ यांच्याशी काय देणंघेणं? त्यांनी २०१९ आणि २०२४ ला काय केलं, हे बूथनिहाय बघायचं आहे. तुम्ही भाळवणीकडचे असाल तर गावचा आकडा कळवा. मामांकडून त्यांच्या गावचा मी मागवतो.

मूळ लेखातला ‘सलग’ पुसून टाकलेला नाही, त्यावर आडवी रेघ मारून तसाच ठेवला आहे.