कलंक घालवायचाय? आधी तारीख घ्या

ऑक्टोबर जवळ आला की पुण्यात दोन गोष्टींची टंचाई होते. एक, नाट्यगृहाची रविवारची तारीख. दुसरी, अजून सत्कार न झालेला मान्यवर. 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. तेव्हा मानसिक आजार आणि व्यसन यांच्याभोवतीचा कलंक 'कलेच्या माध्यमातून' पुसून टाकण्याचा ठराव तुमच्या मंडळाने केला असेल, तर इतर सगळं सोडा आणि आधी तारीख घ्या. कलंक कुठे जात नाही, तारीख जाते.

व्यासपीठावर सात खुर्च्या मांडा. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, प्रायोजक, प्रायोजकांच्या सौभाग्यवती, एक मनोविकारतज्ज्ञ (बोलायला सात मिनिटं) आणि ज्यांना न बोलावल्यास ते रागावतात असे एक ज्येष्ठ. ज्यांच्यावरचा कलंक पुसायचा आहे, त्यांची सोय शेवटच्या दोन रांगांत करा. संस्थेची बस त्यांना वेळेत आणते आणि जेवणाच्या वेळेआधी परत नेते. त्यामुळे दीपप्रज्वलन, शारदास्तवन, प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ एवढं त्यांना पाहायला मिळतं. त्यांच्यावर बसवलेली एकांकिका सुरू होते तेव्हा ते बसमध्ये बसलेले असतात. हे एका अर्थी बरंच. एकांकिका त्यांनी पाहू नये.

आता एकांकिकेकडे वळू, कारण खरा कलंक इथेच धुतला जातो. मानसिक रुग्णाचे केस विस्कटलेले हवेत. पायजम्याचा एक पाय दुमडलेला. मागून लाल दिवा. त्याला आवाज ऐकू येतात हे दाखवायला ध्वनिमुद्रित हास्य वापरा, तेही विहिरीतून आल्यासारखं घुमणारं. कुणी सांगेल की हे आवाज बरेचदा अगदी किरकोळ बोलतात, 'आता हा चहा ओततोय, आता हा खिडकीशी गेला,' असं धावतं समालोचन दिवसभर चालू असतं आणि त्यानेच माणूस थकून जातो. ऐकू नका. कुणी असंही सांगेल की स्किझोफ्रेनियाचा मोठा भाग म्हणजे आरडाओरडा नव्हेच. आठ-आठ दिवस आंघोळ न करणं, कशातच मन न लागणं, मित्रांचा फोन न उचलणं, आणि याला घरच्यांनी आळस म्हणणं. खरं असेल. पण आंघोळ न करणाऱ्या माणसावर परीक्षक उत्तेजनार्थसुद्धा देत नाहीत.

दारुड्याचं पात्र त्या मानाने सोपं. पहिल्या प्रवेशात तो विनोदी हवा, दुसऱ्यात बायकोला मारणारा आणि तिसऱ्यात मेलेला. ही आपली परंपराच आहे. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला. त्यात सुधाकराचा सर्वनाश आहे, सिंधूचे अश्रू आहेत, आणि हास्याची जबाबदारी तळीरामावर आहे. शंभराहून अधिक वर्षं झाली. अश्रू पुसून झाले की लोकांच्या तोंडी तळीरामच राहतो, आणि मित्रमंडळात पहिला पेला भरणाऱ्याला अजूनही प्रेमाने तेच नाव मिळतं. गडकऱ्यांनी काय लिहिलं हा एक भाग झाला, आपण त्यातलं काय घरी नेलं हा दुसरा. तुम्ही दुसऱ्या भागावर लक्ष ठेवा.

सल्लागार म्हणून व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला तालमीला बोलावू नका. एका मंडळाने ही चूक केली होती. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. सल्लागार म्हणून आलेले काका बुकबाइंडर. दिग्दर्शक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पण स्पर्धांचा अनुभव दांडगा.

"काका, तुम्ही डुलत नाही आहात."

"मी नाही डुलायचो. सकाळी उठलं की हात थरथरायचे. कपातला चहा बशीत, बशीतला लेंग्यावर. क्वार्टर पोटात गेली की हात थांबायचे. मग बसायचो शिलाईला. सुईत दोरा एका दमात."

"म्हणजे प्यायल्यावर तुम्ही नॉर्मल दिसायचात?"

"हो ना."

"मग प्रेक्षकांना कसं कळणार?"

"आमच्या हिलासुद्धा खूप दिवस कळलं नव्हतं."

हॉलमध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दिग्दर्शकाने शांतपणे समजावून सांगितलं की काका, तुमचं बरोबर आहे, पण हे पोचत नाही. भूमिका एका मुलाला गेली. तो जिन्यावरून पडण्यात पटाईत होता आणि आधीच्या वर्षी त्यासाठी अभिनयाचं पारितोषिकही मिळवून बसला होता. काकांकडे पडदा ओढायचं काम आलं. त्यांनी ते चोख केलं. हात स्थिर होते ना.

नाटक झेपत नसेल तर चित्रप्रदर्शन भरवा. बालगंधर्वच्या कलादालनात जागा मिळाली तर उत्तम. चित्राखाली चित्रकाराचं नाव लिहायचं नाही, गोपनीयता असते. आजाराचं नाव मात्र ठळक लिहा, म्हणजे बघणाऱ्याला काय बघायचं ते कळेल. निळा रंग जास्त असेल तर नैराश्य, चेहऱ्याला डोळे नसतील तर काहीतरी गंभीर. चित्रकाराला विचारलंत तर तो म्हणेल की निळ्याचीच बाटली शिल्लक होती. म्हणून विचारू नका. बघायला आलेल्यांनी काय म्हणायचं हेही ठरलेलं आहे: "छानच काढलंय हो, त्यांच्या मानाने!" या 'त्यांच्या मानाने'ला स्वल्पविराम देऊन थोडं थांबायचं असतं. विक्रीची किंमत लावू नका. किंमत लावली की ते चित्र होतं आणि मग त्यावर टीका करावी लागते.

आता काही वाईट उदाहरणांपासून सावध करतो, कारण ती नेमकी आपल्याच शहरात आहेत. 1986 साली डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. म्हणजे ज्या आवाराचं नाव पुणेकर एकमेकांना चिडवायला वापरतात, तिथेच. अवचट स्वतः बासरी वाजवायचे, कागदाचे पक्षी करायचे, लाकूड कोरायचे. आणि हे सगळं प्रबोधनाचा बॅनर न लावता. त्याहून गंभीर बाब म्हणजे तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून काम करतात. रुग्णच खुर्चीवर बसायला लागले तर पाहुण्यांनी कुठे बसायचं?

दुसरं उदाहरण 'देवराई'चं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा 2004 सालचा चित्रपट. अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया असलेला माणूस उभा केला आणि एकदाही विहिरीतलं हास्य वापरलं नाही. वर निम्मं लक्ष त्याच्या बहिणीवर: घर, नवरा, भाऊ, गोळ्यांच्या वेळा आणि तिचं स्वतःचं दमून जाणं. चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांनी हा आजार स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं पाहिला होता आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली होती. असे लोक मागे असले की लाल दिव्याला वावच राहत नाही. पुढे याच दिग्दर्शकद्वयीच्या नैराश्यावरच्या 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि त्यातही पार्श्वसंगीत टिपेला नेलेलं नाही. प्रेक्षकाला हुंदका येतो की नाही याची काळजीच नाही.

संशोधक मंडळीही अडचणीच्याच बाजूला. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कलंक कमी करण्याच्या प्रयत्नांवरचे 72 अभ्यास एकत्र मांडून पाहिले. प्रौढांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा प्रत्यक्ष भेट जास्त उपयोगी पडते असं त्यात निघालं. म्हणजे आजारातून गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलणं. याचा अर्थ स्पष्टच सांगायचा तर, तुमच्या लाल दिव्यापेक्षा मध्यंतरात काकांबरोबर खाल्लेला बटाटेवडा वरचढ ठरू शकतो. हे वाक्य स्मरणिकेत छापू नका. प्रकाशयोजनेचं बिल मंजूर व्हायचं आहे.

स्मरणिकेचा विषय निघालाच आहे तर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक शेवटच्या पानावर जागा उरली तर टाका. उरत नाही, हा अनुभव आहे. मलपृष्ठ बिल्डरचं असतं.

आकडे मात्र भाषणात हवेत, आकड्यांनी गांभीर्य येतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि दारूच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी 86 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. इथे एक धोका आहे. तुमचं सभागृह चारशे खुर्च्यांचं असेल, तर कुणी चाणाक्ष माणूस हिशोब करेल की यातले चाळीसेक जण शेवटच्या दोन रांगांत नसून इथेतिथे, इस्त्रीचे कुडते आणि पैठण्या घालून बसलेत. कदाचित एखादा व्यासपीठावरच. अशा वेळी सांगायचं की ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. हे खरं आहे. टाळ्या पडतील, आणि चाळीसेक जण त्या सगळ्यांपेक्षा जोरात वाजवतील.

प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं ठेवू नका. ठेवलीतच तर चिठ्ठ्यांवर घ्या, आणि चिठ्ठ्या सूत्रसंचालिकेकडे द्या. नाहीतर कुणीतरी आई उठते आणि विचारते, "मुलगा सहा महिने खोलीतून बाहेर येत नाही, त्याला न्यायचं कुठे आणि तो येत नसेल तर न्यायचं कसं?" हा कलेवरचा प्रश्न नव्हे. दुसरा एखादा विम्याचं विचारतो: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलंय, मग माझा दावा अडकला का? व्यासपीठावरच्या सातांपैकी याचं उत्तर एकालाच देता येईल आणि त्यांची सात मिनिटं केव्हाच संपलेली असतात. वेळेअभावी थांबा.

राहता राहिले काका. कार्यक्रम गाजला, पेपरात फोटो आला, पडदा ओढतानाचा त्यांचा हातही कोपऱ्यात दिसला. पुढच्या महिन्यात ते कोथरूडला भाड्याने घर शोधत असतील, आणि योगायोगाने तुमच्याच सोसायटीत शोधतील. तुम्ही स्वागताध्यक्ष होतात, तसेच सोसायटीचे सेक्रेटरीही आहात. गोंधळून जाऊ नका. भाडेकरूच्या फॉर्मवर 'मागील पत्ता' असा रकाना असतो. तिथे त्यांनी सरळ मनाने व्यसनमुक्ती केंद्राचं नाव लिहिलेलं असेल. त्यांना सांगा, माझा व्यक्तिशः काहीच आक्षेप नाही, मी तर तुम्हाला ओळखतो, पण कमिटीत लहान मुलं असलेली कुटुंबं आहेत. कमिटीत मुलं नसतात, कुटुंबात असतात, हे त्यांच्या लक्षात येईल. ते बोलणार नाहीत. टोकनचे पैसे त्याच दिवशी परत करा, उगाच लोकांनी नावं ठेवायला नकोत. आणि पुढच्या वर्षीच्या पडद्यासाठी त्यांचं नाव आत्ताच लिहून घ्या. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि ते आता जिथे राहायला गेलेत तिकडची शेवटची पीएमपी बस साडेनऊलाच सुटते. तेवढं त्यांचं त्यांना बघायला सांगा.