गच्चीवर 200 लिटरचा ड्रम चढवण्याआधी जरा थांबा राव

सध्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय, कुंडी दुप्पट तर माल दुप्पट, गच्चीवर 200 लिटरचे ड्रम मांडा, खाली खडी, वर रानातली काळी माती, टोमॅटो नाहीतर वांग्याचं रोप लावा आन आठवड्याला एकदा पाणी द्या. आमच्या लातुरात लोक भंगारवाल्याकडून ड्रम आणायलेत म्हणून लिहायलोय.

माल दुप्पट म्हणे. मुळाला जागा मिळाली की झाड वाढतंय, त्यात खोटं नाही. पण 2012 ला जर्मनीतल्या युलिशच्या संशोधकांनी 65 अभ्यास एकत्र करून बघितलं तर कुंडी दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी 43 टक्केच वाढलं. म्हणजे 25 लिटरच्या बॅगेवरून (झाड लावायच्या पिशवीवरून) 200 च्या ड्रमवर गेलात तर माती आठपट आन झाड या हिशोबानं जेमतेम तिप्पट, तेबी पाला-काड्या धरून. तेवढ्याच मातीत 25 च्या आठ बॅगा भरतात की, आठ झाडं येतात.

वजनाचं तर मेसेजमध्ये नावच नाही! 200 लिटर ओली माती 300 किलोच्या पुढं जाते. गच्चीचा भार धरतात चौरस मीटरला साधारण 150 किलो, आन ड्रमचं बूड असतंय पाव चौरस मीटर. असे चार ड्रम एका कोपऱ्यात? आधी इंजिनियरला विचारा.

काळी माती रानात सोनं आहे, ड्रममध्ये नाही. सुकली की आकसते, कडेपासून बोटभर सुटते, वरून पाणी ओतलं की त्या फटीतून सरळ खाली, आपण म्हणतो निचरा काय भारी आहे, आन मधलं ढेकूळ कोरडं ठणठणीत. माती, कुजलेलं शेणखत आन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या मापानं मिसळा.

खडीनं निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, वरची माती गच्च भिजल्यावरच उतरतं, म्हणजे ओला थर उलट मुळाजवळ येतो. बुडाला भोकं पाडा, बास.

आता पाणी. जिथं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं 'आठवड्यातून एकदा' वाचून कुणालाबी बरं वाटणार, आन मोठ्या कुंडीत ओल जास्त टिकते हेबी खरंय. पण बोटाएवढं रोप एवढ्या मातीत लावलं तर ते पाणी पिणार किती, माती ओलीच राहते, मुळं कुजतात. तेच झाड मोठं झालं की उन्हाळ्यात आठवडा काय, दोन दिवस काढणं अवघड. म्हणून रोप आधी कागदी ग्लासात, मग 4-5 लिटरच्या कुंडीत, मग शेवटच्या मोठ्या बॅगेत, वर सोयाबीनच्या भुसकटाचा थर. आन मे महिन्यात 42 डिग्रीला टोमॅटोचं फूल गळतंच, कुंडी कितीबी मोठी असू द्या.

मिरचीला 12-15 लिटर, वांगं-टोमॅटोला 20 ते 40, मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोल ट्रे पुरतो. ड्रम घेतलाच असेल तर अर्धा कापून लिंबू लावा, पण आधी त्यात काय होतं ते भंगारवाल्याला विचारा, फवारणीच्या औषधाचा असला तर खायचं काहीच लावू नका.